सभापती दादासाहेब मावळंकर

सभासदांना शिस्त लावताना सभापतीने आपपर पाहू नये, हे बोलायला सोपे. दादासाहेब मावळंकरांना ते करून दाखवावे लागले, म्हणून त्यांचे चरित्र मला आवडते.

गणेश वासुदेव मावळंकर १८८८ साली बडोद्यास जन्मले. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, वकिली अहमदाबादेस. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे, १९४६ मध्ये अवघ्या तीन मतांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेचे आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे सभापती झाले.

कसोटी लागली १९५१ साली. एच. जी. मुद्गल हे काँग्रेसचेच सभासद. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून पैसे घेऊन संसदेत त्यांचे काम केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीचा प्रस्ताव खुद्द नेहरूंनी मांडला. समितीत दुर्गाबाई (पुढे देशमुख) होत्या, हे आपण बायकांनी अवश्य लक्षात ठेवावे. दोष शाबीत झाला. तरीही मुद्गलांना सभागृहात आपली बाजू मांडू दिली गेली. मग त्यांनी राजीनामा दिला. पण ते हकालपट्टीसच पात्र होते, असा ठराव सभागृहाने केलाच. स्वपक्षीयाला सवलत नाही आणि ऐकून घेतल्यावाचून शिक्षाही नाही!

दादासाहेबांनी पक्ष मात्र सोडला नव्हता. तो सोडायला हवा होता, असे मला वाटते. विरोधकांचा संशय थोडा निवळला असता. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांनी पक्षपाताचा ठपका ठेवून दादासाहेबांना दूर करण्याचा ठराव आणला. घटनेप्रमाणे त्या चर्चेपुरते दादासाहेबांना आसन सोडावे लागले. ठराव फेटाळला गेला.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी दादासाहेब वारले. त्यांच्या जागी अहमदाबादेतून त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेत गेल्या.