वि. स. पागे : रोजगार हमी योजनेचे जनक



तुमच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक कपात असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2500. आपण तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण हा कर महाराष्ट्रात 1975 साली लागू झाला तो एका ठरावीक कामासाठी: खेड्यात हाताला काम नसलेल्या माणसाला काम देता यावं म्हणून. त्यामागे ज्या माणसाचा विचार होता, त्यांची ओळख आज करून घेऊया.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म 1910 सालचा. गाव विसापूर. आपल्या नगरकरांना विसापूर म्हटलं की श्रीगोंद्याचं विसापूर आठवतं, तिथला तलाव आणि तुरुंग आठवतो. हे ते नव्हे. पाग्यांचं विसापूर सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं. मात्र पाऊस रुसला की दोन्हीकडची अवस्था सारखीच. पागे वकिलीचं शिक्षण घेतलेले, गांधीविचारांचे, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले आणि संतसाहित्यात रमणारे गृहस्थ. 1960 ते 1978 अशी सलग अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. या खुर्चीवरचा माणूस सहसा नियमांच्या पुस्तकात अडकून पडतो. पाग्यांचं लक्ष मात्र गावाकडच्या मजुराकडे होतं.

तो मजूर तुम्ही रोज बघता. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या भागात कालव्याचं पाणी आहे. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडे चला, चित्र बदलतं. सुगी संपली की शेतात काम नाही. दिवाळीनंतर वर्गातली काही बाकं रिकामी होतात, कारण आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. ती टोळी उन्हाळ्यात परत येते, तेव्हा हातातलं काम संपलेलं असतं आणि पेरणी अजून लांब असते. हे मधले दिवस कसे काढायचे? उचल घ्यायची, उधारी करायची, शेळी विकायची. पोरगं शाळेतून काढून कामाला लावायचं, हेही त्यातच आलं.

परदेशात अशा मधल्या दिवसांसाठी बेरोजगारी विमा असतो. इंग्लंडने 1911 च्या कायद्याने काही उद्योगांतल्या कामगारांसाठी तो सुरू केला. मजुरीतून हप्ता कापायचा आणि काम सुटलं की ठरावीक काळ पैसे द्यायचे. पण आपल्या शेतमजुराचा हप्ता कापणार कोण आणि कशातून? त्याला ना पगारपत्रक, ना कायमचा मालक. त्याला विमा लागू होत नाही, हे उघड होतं. पाग्यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी आधी काम देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि काम देता आलं नाही तर भत्त्याची.

1965 च्या सुमारास त्यांनी आपल्या तासगाव भागातच याचा छोटा प्रयोग केला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्राने ही कल्पना कळवली. 1 मे 1972 पासून योजना राज्यात सुरू झाली. आणि नेमका त्याच वर्षी तो दुष्काळ आला! घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि '72 सालाबद्दल विचारायला सांगा. खडी फोडणं, लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. नवी योजना त्या कामांमागे झाकली गेली. पण दुष्काळ सरल्यावर लोक काम मागतच राहिले, मोर्चे निघत राहिले आणि योजनेचा कायदा करावा लागला. 1977 साली दोन्ही सभागृहांत तो एकमताने मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला.

आता कायद्यातली खरी गोष्ट. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं, तर सोळाव्या दिवसापासून बेकारी भत्ता. किती? दिवसाला किमान एक रुपया. एका रुपयात तेव्हाही घर चालत नव्हतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. पण मला या रुपयाचं मोल वेगळं वाटतं. तोपर्यंत सरकारी मदत म्हणजे मायबाप सरकारची दया होती. कधी येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक! या रुपयामुळे वाट पाहण्याला मुदत आली. उशीर कुणाचा, हेही कागदावर आलं. पैसे उभे राहिले ते व्यवसाय करासारख्या करांतून, आणि जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची असं ठरलं. शहरातला पगारदार गावातल्या मजुराच्या मधल्या दिवसांना हातभार लावतो, असा हा हिशेब.

या कामांतून पाझर तलाव, नालाबांध, शेताची बांधबंदिस्ती, रस्ते झाले. कामावर बायकांची संख्या मोठी होती. आपल्या हिवरे बाजारने नव्वदच्या दशकात डोंगर हिरवे केले, गावात पाणी अडवलं. त्यातही रोजगार हमीचा पैसा होता.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बेकारी भत्ता फार थोड्या लोकांच्या हाती पडला. कारण साधं आहे. पंधरा दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून. मजूर तोंडी काम मागतो. अर्ज दिला तरी त्याची पोच घेत नाही, किंवा त्याला ती दिली जात नाही. पोच नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीखच नाही तर सोळावा दिवस उगवतच नाही. पाग्यांनी कायद्यात हक्क लिहून ठेवला, पण ज्यांच्यासाठी लिहिला त्यांतल्या अनेकांना सहीसुद्धा येत नव्हती.

सभापतिपद सोडल्यावरही पागे रोजगार हमीच्या कामात राहिले. 1990 साली त्यांचं निधन झालं. पंधरा वर्षांनी, 2005 मध्ये, केंद्राने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात पंधरा दिवसांची मुदत महाराष्ट्राप्रमाणेच ठेवली होती. भत्ता मात्र वाढवला: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यापुढे किमान निम्मा. ते पाहायला पागे नव्हते.

आपण वर्गात अर्जलेखन घेतो. बहुतेक वेळा रजेचा अर्ज, नाहीतर दाखल्याचा. पुढच्या वेळी कामाच्या मागणीचा अर्ज घेऊन बघा. पाथर्डीकडच्या वर्गात तर नक्कीच. मागणी करणाऱ्याचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक, किती दिवस काम हवं, आजची तारीख. आणि अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, एक ओळ मोकळी सोडायला सांगा: अर्ज मिळाल्याची सही, शिक्का व तारीख.