सभाभीरू मोहनदास

सभेत बोलण्यास उभे राहिले की पाय लटपटतात, अशी आपल्या पुष्कळ तरुण ज्ञातिबांधवांची तक्रार असते. वक्तृत्व ही उपजत देणगी असून ती आपल्या वाट्यास आली नाही, असे मानून ते व्यासपीठाकडे पाठ फिरवितात. त्यांच्यासाठी महात्मा गांधींच्या चरित्रातील काही प्रसंग आम्ही येथे देत आहोत.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेले मोहनदास बालपणी कमालीचे लाजाळू होते. कोणी बोलावयास येईल या भीतीने शाळा सुटताच ते धावत घर गाठीत. १८८८ साली बॅरिस्टरीसाठी विलायतेस निघताना राजकोटच्या हायस्कुलातील विद्यार्थ्यांनी त्यांस निरोप दिला. आभाराचे चार शब्द त्यांनी लिहून नेले होते. परंतु ते वाचतानाच डोके गरगरू लागले व सर्वांग कापू लागले.

त्यानंतर थोड्याच काळाने मुंबईस त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. समुद्रपर्यटन धर्मास सोडून आहे, असे सांगून ज्ञातीच्या शेटजींनी त्यांस जाब विचारला. तेथे मात्र अठरा वर्षांचे मोहनदास यत्किंचितही कचरले नाहीत. मातोश्रींस दिलेल्या प्रतिज्ञेचा हवाला देऊन त्यांनी आपला निश्चय स्पष्ट सांगितला. ज्ञातीने त्यांस बहिष्कृत केले, तरी त्यांचा शब्द मागे फिरला नाही. जो तरुण साध्या आभारप्रदर्शनात अडखळला, तोच येथे निर्भय झाला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी.

याचा अर्थ भीती कायमची गेली, असा नव्हे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांस आपले मत लिहून आणून दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागले. १८९१ साली परत आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ३० रुपये फी घेऊन ते पहिल्या दाव्यात उभे राहिले. पण साक्षीदारास एकही प्रश्न विचारता आला नाही. दावा दुसऱ्या वकिलाकडे सोपविण्यास सांगून ते कोर्टाबाहेर पडले.

पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे हिंदी लोकांची होणारी मानहानी त्यांनी स्वतः सोसली. प्रिटोरियात पोहोचताच त्यांनी तेथील हिंदी व्यापाऱ्यांची सभा बोलाविली व व्यापारातील सचोटी या विषयावर पुरी तयारी करून भाषण केले. स्वच्छता राखण्याविषयी आणि गाऱ्हाणी मांडण्यासाठी मंडळ स्थापण्याविषयीही ते बोलले. हे त्यांचे पहिले जाहीर भाषण चांगले वठले. तेव्हापासून अशा बैठका नेमाने होऊ लागल्या.

१८९६ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील मोठ्या सभेत त्यांचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचेना. तेव्हा लिहून आणलेले भाषण दिनशा वाच्छा यांनी वाचले. परंतु अशा प्रसंगाने खचून त्यांनी बोलणे सोडले नाही. ज्या मुंबईत त्यांची वाचा बसली होती, तेथेच ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर त्यांच्या भाषणाने सारा देश हलला.

त्यांचा आवाज अखेरपर्यंत मंदच होता. स्वतःची छाप पाडण्याऐवजी मनापासून पटलेली गोष्ट व लोकांचे दुःख सांगावयास ते उभे राहिले, तेव्हा वाणी त्यांच्या साहाय्यास आली. आमच्या तरुणांनी प्रथम लहान बैठकीत, ज्या विषयाची पुरती माहिती व कळकळ आहे त्याच विषयावर, तयारीनिशी चार शब्द बोलावे. आणि एखाद्या मोहनदासाने ज्ञातिसभेत आपले मत निर्भीडपणे मांडलेच, तर वडीलधाऱ्यांनी ते अखेरपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.