जोतीराव आणि गोठ्यातली कालवड

आमच्या लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली घरं पुष्कळ. माझे आजोबा गावची बैलजोडी विकून सुरतला लूमवर कामाला आले. म्हणून असेल, आमच्या घरी जोतीराव फुले म्हटलं की शाळेच्याही आधी 'शेतकऱ्याचा असूड' निघतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वर्षाचे व्हायच्या आतच आई चिमणाबाई गेल्या. वडील गोविंदरावांनी लोकांचं ऐकून त्यांना शाळेतून काढलं. पुढे १८४१ मध्ये ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज आपण सगळे जाणतोच.

'असूड' १८८३ साली लिहून झाला. त्यात गाईबैलांचाही हिशेब आहे. तेव्हा गोऱ्या सोल्जरांच्या जेवणासाठी गाई, बैल, वासरं कापली जात. आज परदेशात भाकड गाई आणि कालवडी काही महिने भरपूर खाऊ घालून मांसासाठी विकतात. तिथे नांगर ट्रॅक्टर ओढतो. जोतीरावांच्या काळी नांगर, मोट, गाडी सगळं बैलावर. कालवड गेली की तिच्या पोटचे उद्याचे बैलही गेले. त्यात जंगलखात्याने गायरानं बळकावलेली. चाराच नाही, तर जनावर पोसायचं कशावर?

जोतीराव नुसते रडले नाहीत, उपायही सांगितले. सोल्जरांनी इथल्या शेळ्यामेंढ्या खाव्यात, नाहीतर परमुलखातून गाईबैल आणावेत. सरकारने गायरानं मोकळी करावीत, तलाव-बंधारे बांधावेत, उत्तम जातीच्या मेंढ्या आणाव्यात, चांगल्या शेतकऱ्याला बक्षीस द्यावं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही हा 'असूड' ऐकला, म्हणजे तो तेव्हाच गुजरातेत पोचला होता.

१८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले. त्याच वर्षी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

आज गुजरात, महाराष्ट्र दोन्हीकडे गोहत्याबंदीचा कायदा आहे. पण भाकड गाय पोसायची कोणी आणि कोणाच्या चाऱ्यावर, हे अजून त्या शेतकऱ्याच्याच गळ्यात. गाईबद्दल बोलताना आधी तिच्या मालकाचा गोठा बघायचा, एवढं तरी आपण जोतीरावांकडून घेऊया.