घायाळांचा वैद्य

बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा भक्कम किल्ला उभा आहे. असे किल्ले कोणी जिंकले, हे बखरकार आवर्जून लिहितात. तटाखाली विव्हळत पडलेल्या शिपायांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी लिहीत नाही. घायाळ शिपाई कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे आणि त्याच्या वैद्याला कोणी इजा करता कामा नये, असा करार काही राष्ट्रांनी जिनीव्हा येथे केला, तो 1864 साली. पण करार झाला तरी रणांगणावर जाण्यास माणसे हवीत. तसा एक पुरुष नळदुर्गच्या पश्चिमेस, जवळच्याच सोलापुरात जन्मास आला.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी झाला. मुंबईस शिकून ते डॉक्टर झाले. 1937 साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चीनने साहाय्य मागितले, तेव्हा राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत कोटणीस होते. सप्टेंबर 1938 मध्ये त्यांची बोट मुंबईहून निघाली.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. त्या वेळी ते घरी परतले असते, तर त्यांना कोणी नावे ठेविली नसती. ते परतले नाहीत. येनान येथे डोंगरात कोरलेल्या गुहांत रुग्णालय होते; तेथे, आणि पुढे आघाडीजवळच्या खेड्यांत, त्यांनी काम केले. एका लढाईच्या वेळी ते सलग 72 तास शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात. मात्र आम्हांला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. ते चिनी भाषा शिकले. परक्या मुलखातील वैद्याने घायाळाची विचारपूस त्याच्याच बोलीत करावी, हे काही थोडे नव्हे!

कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथून शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम होऊन, रक्तात विष भिनून 1939 मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस 1941 मध्ये प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. मुलाचे नाव इन्हुआ ठेविले. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावे आली.

श्रमांनी शरीर खचले होते. अपस्माराचे झटके येऊ लागले, तरी त्यांनी काम सोडले नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते. विद्यार्थ्यांसाठी शल्यक्रियेवर लिहावयास घेतलेले त्यांचे पुस्तक अर्धेच राहिले.