तुमच्या जॅकेटच्या चेनमागचा माणूस : ज्याच्या संशोधनावर शास्त्रज्ञांचाच विश्वास नव्हता!

जॅकेटची जाड दातांची प्लॅस्टिक चेन, प्रिंटरमधली चिमुकली चाकं... हे भाग बहुतेक वेळा ॲसिटल नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. याचा पाया घातला हर्मन श्टाउडिंगर यांनी.

जन्म 1881, जर्मनीतलं वर्म्स शहर. पुढे ते झुरिकमध्ये प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, त्यांनी युद्धाविरुद्ध लेखन केलं. नाझी काळात हेच त्यांच्या अंगाशी आलं, नोकरी जाता जाता वाचली.

पण त्यांची खरी लढाई प्रयोगशाळेतली होती. रबर, सेल्युलोज म्हणजे छोट्या रेणूंचे नुसते पुंजके, असं तेव्हाचे बडे शास्त्रज्ञ मानायचे. 1920 मध्ये श्टाउडिंगर यांनी सांगितलं की हे रेणू एकमेकांना पक्के जोडलेले असतात, माळेतल्या मण्यांसारखे. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, म्हणून अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं.

मग पुरावा काय? 1926 पासून ते फ्रायबर्ग विद्यापीठात होते. फॉर्मल्डिहाइडपासून त्यांनी कमी-जास्त लांबीच्या साखळ्या बनवल्या. साखळी लांब होत गेली तसे पदार्थाचे गुणही पायरीपायरीने बदलत गेले. नुसत्या पुंजक्यात असं होत नाही.

हाच पदार्थ म्हणजे ॲसिटल. पण एक अडचण होती. तापवला की माळेचं टोक सुटायचं आणि एकेक मणी ओघळून पुन्हा फॉर्मल्डिहाइड वायू व्हायचा. त्यामुळे वितळवून साच्यात ओतायची सोयच नव्हती. साखळीची टोकं बंद केली की ती जास्त टिकते, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीने 1950 च्या दशकात हीच गाठ पक्की मारली आणि 1960 मध्ये 'डेल्रिन' बाजारात आलं.

हे प्लॅस्टिक कडक, गुळगुळीत आणि पोलादाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं हलकं. नायलॉन हवेतला ओलावा शोषून किंचित फुगतं, हे फारसं फुगत नाही. म्हणून गिअर, बुश, व्हॉल्व्ह अशा मापात चूक न चालणाऱ्या भागांसाठी याला पसंती मिळते. तेल न घालताही ते सहज फिरतात. मात्र तीव्र आम्ल आणि क्लोरीन याला सोसत नाही.

श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं 1953 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी. 1965 मध्ये ते गेले. तोवर त्यांची ती 'अशक्य' माळ कारखान्यांत टनावारी तयार होऊ लागली होती.