सनद नसलेल्या वकीलबाई

जालन्याच्या कोर्टात आज काळ्या कोटातल्या वकीलबाई दिसल्या, तर कुणी वळून पाहत नाही. भारतात ही वाट ज्यांनी सर्वांत आधी धरली, त्या कॉर्नेलिया सोराबजी मूळच्या आपल्या नाशिकच्या.

जन्म १५ नोव्हेंबर १८६६. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत. कॉर्नेलियाबाई मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या. अशा विद्यार्थ्याला विलायतेसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळे. यांना मात्र मुलगी म्हणून नाकारली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्यांत फ्लोरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे.

मायदेशी येऊन त्यांनी मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद मिळेना. पण काम समोर होते. जमीनदार घराण्यांतल्या विधवांच्या नावावर मोठी मालमत्ता असे. पडद्यामुळे परपुरुषाशी बोलता येत नसे, म्हणून वकीलही गाठता येत नसे. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने अशा स्त्रियांसाठी बाईंची नेमणूक केली. जवळजवळ ६०० स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी कायद्याची मदत केली.

ऑक्सफर्डची पदवी हाती आली १९२२ मध्ये, ३० वर्षांनी. १९२३ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली खुली झाली. आपले जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता. बाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली, तेव्हा वय ५७ होते. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये वारल्या.

त्या इंग्रजी राज्याच्या समर्थक होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. हे मत आपल्याला पटणार नाही. पण आपल्या वर्गातही हुशार असून दहावीनंतर शिक्षण थांबलेल्या मैत्रिणी आहेत. त्यांच्या मुलींपैकी कुणाला वकील व्हायचे असेल, तर फी, पुस्तके आणि शहरात राहण्याची सोय एवढे आपण सगळे मिळून नक्की पाहू शकतो. कॉर्नेलियाबाईंचे शिक्षणही वर्गणीवरच झाले होते.