रे. नारायण वामन टिळक

आत्म्याने दीन असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या चरित्रावरून आपणांस शिकता येईल अशा महाराष्ट्रीय ख्रिस्तभक्तांत रे. टिळक यांचे नाव अग्रभागी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे इ. स. १८६१ साली एका ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. आई जानकीबाई यांच्यापासून त्यांस भक्तीची व कवितेची गोडी लागली. इ. स. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे अंतःकरण जिंकले, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. जात गेली, आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई पुत्रासह माहेरच्या माणसांत राहिल्या. हा वियोग चार वर्षांहून अधिक काळ टिकला. पुढे बाई पतीकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांचा स्वभाव तापट होता. तथापि या बाबतीत त्यांनी बाईंवर बळजबरी केली नाही. राहुरी येथे असताना बाईंनीच विचार करून जातिभेद टाकला, व इ. स. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. धाकाने घर गप्प बसते, परंतु शांती नांदते ती अशा धीरानेच.

नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुतेक बांधव त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजांतील होते. हा विद्वान कवी त्यांच्यात भाऊ होऊन राहिला. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांनाही प्रभूचे चरित्र कळावे, म्हणून त्यांनी कीर्तन व भजन मंडळीत रूढ केले. उभयतांनी अनाथ मुलांसही आपल्या घरी वाढविले.

इ. स. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली, व सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. दुरावलेल्यांस एके ठिकाणी बसविणे, हीच त्यांची अखेरची सेवा ठरली. ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभूजवळ गेले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

वाचकहो, आशागड, डहाणू, तलासरी या बाजूच्या आपल्या पाड्यांतही उच्चनीचतेची गाठ पुरती सुटलेली नाही. शिकलेला मनुष्य मजुराशेजारी चटईवर बसतो काय? बांधावरून अबोला धरलेले दोघे भाऊ एकाच प्रार्थनेत येऊन तसेच परत जातात काय? टिळकांनी आपले उच्चासन स्वतः होऊन सोडले. प्रभुभोजनाच्या येत्या रविवारापूर्वी ज्याच्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्या दाराशी आपण प्रथम जावे.